उत्तमचं पिवळं रक्त

नवापूर, गुरुवार, ९ मार्च १९६१

उत्तमच्या रक्ताची नळी आज पुन्हा पुन्हा उजेडात धरली. साकळलेल्या रक्तावरचं पाणी हळदीसारखं पिवळं. त्याचा थोरला भाऊ मागेच उभा होता. म्हणाला, "बाई, हाऊ होळीमा परत दारू पिधा. याले आते घरमा जागा नही."

दारूने यकृत बिघडलं तरी रक्त असंच दिसतं, हे खरं. पण उत्तम दिवसभर अंग खाजवतो आहे, दंडांवर नखांचे ओरखडे आहेत. दारूच्या काविळीत इतकी खाज सहसा नसते. त्याला एकट्यालाच ऐकू येणारे आवाज थांबवायला महिन्यापूर्वी जी नवी गोळी सुरू झाली, तिचाच हा प्रताप. मला शंका नाही. मग नळी पुन्हा उजेडात का धरली? भावाला दाखवायला बहुतेक.

"गोळी आजपासून बंद. रक्त निवळेल. हा प्यायलेला नाही," मी ठणकावून सांगितलं. भाऊ वरमला. उत्तम मात्र घाबरला.

"बाई, गोळी व्हती म्हनीसन आवाज बंद व्हतात. आवाज उनात ते मी परत पिसू."

आवाज परत आले तर तो पुन्हा पिईल, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो प्यायचाच मुळी ते आवाज बुडवायला. दुसरं औषध सुरतेहून मागवलं आहे. तोवर तो इथेच दवाखान्यात राहील, माझ्या शेजारच्या खोलीत.

खाटेवर बसताना त्याने विचारलं, "आवाज उना ते तुम्हना दरवाजा ठोकू का?"

"केव्हाही ठोक."

भिंतीपलीकडे तो अजून खाजवतो आहे, इथवर ऐकू येतंय. मी दाराची कडी काढून ठेवली आहे.