शनी काळा नाही, अण्णा

अण्णा,

आधी एक तक्रार नोंदवून घ्या. शनी काळा नाही. ज्याला आपल्या घरात काळ्याखेरीज दुसरं विशेषण कुणी लावलं नाही, तो फिकट पिवळा आहे. साजूक तूप थिजायला लागलं की त्यावर जो रंग चढतो, तो. ही साक्ष ग्राह्य धरावी, कारण माझा धंदाच रंग जुळवण्याचा. तारापूरच्या डाइजच्या कारखान्यात गेली पंचवीस वर्षं मी नमुन्याला नमुना लावून अर्ध्या छटेचा फरक सांगत आलो आहे, आणि माझा अहवाल असा की काळे तीळ, काळे उडीद, काळं कापड हे सगळं आपण चुकीच्या गिऱ्हाइकाला पाठवत राहिलो. तुमच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की तिकडे हिवाळा असला की त्याच्या उत्तरेच्या ढगांवर निळसर झाक येते. तेवढी सूट देतो.

हे मला कळलं फोटोंवरून. एक यान तेरा वर्षं त्याच्याभोवती फिरत होतं. इंधन संपत आलं तेव्हा त्याला त्याच ढगांत सोडून दिलं. त्याने काढलेले फोटो मी जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बघतो. कड्यांची सावली ढगांवर पडते ती इतकी बारीक, की वाटावं कुणी टोक केलेल्या पेन्सिलीने रेघा ओढल्यात. उत्तर ध्रुवावर ढगांचा एक षटकोन आहे, चक्क सहा बाजूंचा, आणि तो ग्रहाबरोबर फिरतो. तुम्ही असतात तर त्यातून लगेच एखादं यंत्र काढून तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलं असतंत. माझ्या शेजारच्या टेबलावरचा गोरखपूरचा केमिस्ट डबा उघडता उघडता म्हणतो, "पंडितजी, फिर शनि महाराज? कभी मंगल को भी देख लो, बुरा मान जाएगा." मी म्हणतो, मंगळाची माणसं वेगळी आहेत. तो हसतो. मी इतका वेळ काय बघतो हे त्याला ठाऊक नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं.

सरावलीच्या त्या दोन खोल्यांत शनिवारची दुपार कशी असायची ते आठवतंय. सकाळची शाळा आटोपून तुम्ही पालघरहून यायचात, सदरा खुंटीला अडकवून पंचांग उघडायचात, आणि बाहेर चपला साठायच्या. कारखान्यातले फिटर, वीज केंद्रातले ऑपरेटर, सगळे घाटावरून आलेले, कुंडल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेल्या. साताऱ्याहून आलेला संस्कृतचा मास्तर म्हणून तुम्हाला वर्गात जेवढा मान नव्हता, तेवढा या चपलांत होता. सातपाटीची एक मावशी यायची, डोक्यावर टोपली तशीच घेऊन. उंबऱ्याबाहेर बसायची आणि विचारायची, "गुरुजी, माज्या पोराचा शनी कदी उतरंल? बोटीवं मन नाय त्याचं." तुम्ही बोटांवर मोजून तारीख सांगायचात. एकदा ती सुक्या बोंबलांची जुडी ठेवून उठली, तेव्हा तुम्ही घाईघाईने म्हणालात, "बाई, हे घरात चालत नाही." ती म्हणाली, "तुमाला नाय वो, शनीला. त्याला तेल पाजता नुसतं, उपाशी हाय तो." आई आत तोंडाला पदर लावून हसत होती. पुढे चार दिवस घराला वास होता, आणि तुम्ही ग्रहस्थिती सांगावी तशा गंभीर चेहऱ्याने उदबत्त्या लावत होतात.

तुमची रीत मला पाठ झाली होती. तुम्ही कुणाला उपाय फारसा सांगत नसायचात. तारीख सांगायचात. पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानाची पट्टी फाडून तिच्यावर पेन्सिलीने तिथी लिहायचात आणि हातात द्यायचात. मला म्हणायचात, "माणसाला तारीख दिली की तो रात्री झोपतो." आलेला माणूस पट्टी खिशात घालून उठायचा तेव्हा त्याचे खांदे खाली आलेले असायचे. मी स्वतः पाहिलंय ते.

आईलाही तुम्ही तशीच पट्टी दिलीत. पोटात दुखायचं तिच्या, भाकरी थापताना मध्येच ओट्याला टेकायची. तिने विचारलं, "अहो, अजून किती?" तुम्ही मोजलंत, मार्गशीर्ष लिहिलंत. तिने ती पट्टी मिसळणाच्या डब्यामागे खोचली, आणि कुणी डॉक्टर म्हटलं की तिकडे बोट दाखवायची. मी नववीत होतो. एकदा धीर करून म्हणालो, आईला मुंबईला दाखवू या. तुम्ही पुस्तकातून मान वर न करता म्हणालात, "मोजता येत नाही त्याने मध्ये बोलू नये." मार्गशीर्ष आला. शनी उतरला, अगदी तुमच्या तिथीला. त्यानंतर पंधरा दिवसांनी आई गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, आणायला फार उशीर केलात. तुम्ही पुढच्या शनिवारपासून लोकांना दार बंद केलंत, आणि मी त्या दिवसापासून पंचांगाला हात लावला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तिथी भटजींना विचारली.

आता तुमच्या सुनेबद्दल. तिच्या पोटात गाठ आहे. गेल्या महिन्यात पालघरला तपासणी झाली, आणि कागद माझ्या हातात देऊन डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, आठवड्याच्या आत. परत येताना रिक्षात ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बोईसरचं फाटक लागलं, रिक्षा थांबली, तेव्हा म्हणाली, "हे किती दिवस चालायचं हो?" आणि मी, ज्याने पस्तीस वर्षं पंचांग उघडलं नाही, बोटांवर न मोजताच म्हणालो, "तुझी रास कुंभ. शेवटची अडीचकी आहे. पुढच्या वर्षी ज्येष्ठात उतरेल." तिचे खांदे खाली आले, अण्णा. ती त्या रात्री शांत झोपली.

मुंबईचे दोन दिवस ठरवले, दोन्ही तिने मोडले. काल पुन्हा विषय काढला तर म्हणाली, "ज्येष्ठापर्यंत थांबू की. तुम्हीच म्हणालात ना? कधी नाही ते तुम्ही मानलंत, आता मला मागे ओढू नका." मी म्हणालो, अगं, डॉक्टर म्हणतात. ती म्हणाली, "डॉक्टरांना काय, त्यांना घाईच असते. मामंजींची तारीख कधी चुकली नाही म्हणतात सरावलीत, आणि तुम्ही त्यांचेच ना." खरंच चुकली नव्हती. कागद माझ्या ऑफिसच्या खणात आहे. तिला वाटतं, गाठ साधी आहे. तसं मीच सांगितलं.

म्हणून मी ते फोटो बघत बसतो. कडी बघतो, ढगांचे पट्टे बघतो, षटकोनाचे सहाही कोपरे बघून झाले. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि त्यात कुणाच्याही पोटातल्या दुखण्याचा मागमूस नाही. पूर्वी मला वाटायचं, तुमचा त्या आकड्यांवर आंधळा विश्वास होता, आणि त्याचा मला राग होता. आता वाटतं, तुम्हाला आईच्या चेहऱ्याकडे बघवलं नसेल. हे कळून राग गेला, पण त्याच्या जागी काही आलं नाही.

आज रविवार आहे. ज्याला हे सांगायला हवं ते माणूस आत ओट्याशी तांदूळ निवडतंय, आणि मी बाहेर बसून तुम्हाला लिहितोय, तुम्ही उत्तर देणार नाही म्हणून. पत्र कुठे जाणार नाही. आठवडा संपून तीन आठवडे झाले. गाठीची भीती आहेच. पण खरी भीती ही, की मी आत जाऊन कागद तिच्यापुढे ठेवेन, ती वाचून मान वर करेल, विचारेल, "मग किती?", आणि माझ्या तोंडून पुन्हा एखादा महिना निघेल.