उंदरांची पाच पानं

सोमवार, ९ ऑक्टोबर १९०५

आज हसताना दात कमी दिसले म्हणून बोलणी खाल्ली! मिसेस डेलेनी, आमची मुकादमीण. म्हणते, "पाहुणे काय सुतकाला आलेत?" आम्ही बाराजणी. पांढरे झगे घालायचे, मांसाच्या चकत्या डब्यात भरायच्या आणि गोड दिसायचं. शिकागो बघायला आलेला प्रत्येक जण आमची खोली बघतो आणि मांसाचा कारखाना बघितला म्हणून घरी सांगतो.

लुडविका, माझी धाकटी बहीण, याच इमारतीच्या तळघरात. दिवसभर हात मांस मुरवायच्या खारवणाच्या टबात. बोटांची सालं निघालीत, दोन नखं गेली. तिला वर आणायचंच आहे मला. डेलेनीबाई म्हणते, "आधी तिचे हात बरे होऊ देत." तिथे राहून कसे होणार, डोंबल!

बुधवार, ११ ऑक्टोबर

पाहुण्यांतला एक जण मागे रेंगाळला. कादंबरी लिहितोय म्हणे. "खरं काय ते सांगाल?" मी हसतच होते — त्याचाच तर पगार! हळूच म्हटलं, "रविवारी चर्च सुटल्यावर घरी या."

रविवार, १५ ऑक्टोबर

आला. कोबीचं सूप दोनदा घेतलं, सॉसेजला हात लावला नाही. हुशार आहे! लुडविकाने सगळं सांगितलं, मी त्याला इंग्रजीत करून देत होते. टबात बुडालेले उंदीर, हिरवं पडलेलं मांस धुऊन पुन्हा डब्यात. मग तिने हात पुढे केले. तो म्हणाला, "उंदरांचं पुन्हा एकदा सांगा ना. केवढे होते?"

शुक्रवार, २ मार्च १९०६

पुस्तक आलं. गावभर ओकाऱ्या! पाद्रीबुवांनी मांस सोडल्याचं जाहीर केलं. ईस्टरआधीचे उपास परवापासून सुरू झालेत, तसंही कुठे खाणार होते!

लुडविकाला इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचून तिला पोलिशमध्ये सांगत होते. उंदरांना पाच पानं. ती म्हणाली, "आणि माझे हात गं?" म्हटलं, "पुढे असतील." नाहीत. ती झोपल्यावर शेवटपर्यंत पाहिलं. मीच त्याला घरी बोलावलं होतं. फार वाईट वाटलं.

सोमवार, १९ मार्च

तळघराला चुना! नवे टब, नव्या मोऱ्या. कंपनीची अब्रू गेलीय, म्हणून आता पाहुण्यांना तळघरही दाखवणार. डेलेनीबाई ठसक्यात, "त्या लिहिणाऱ्याला म्हणावं, आता ये नि बघ!" लुडविका तर नाचायचीच बाकी. "बघ, आपण बोललो त्याचं काहीतरी झालं!" मीही खूश. किती दिवसांनी दोघी पोट धरून हसलो.

सोमवार, २ एप्रिल

आजपासून पाहुणे तळघरात. लुडविकाला काढून टाकलं — तिची बोटं बघून बायकांना कसंतरी होतं म्हणे. उद्यापासून पांढरा झगा घालून तिच्या टबावर मी.