खालच्या खाचराचा गेम

मु. रिहे

तीर्थरूप रत्नाआत्या,

दिशाचा साष्टांग नमस्कार. (खरं तर उभ्यानेच लिहितेय, फडताळावर कागद ठेवून. एका जागी बसवतच नाहीये. नमस्कार मात्र साष्टांगच धर.) तुझा गुडघा कसा आहे? ताम्हिणीच्या पावसात जास्तच ठणकत असेल. तुमच्याकडे फोन लागता लागत नाही, म्हणून पत्र. इकडे आई बरी, बाबा बरे, तुझा भाचा किशोर नेहमीसारखा.

तर मी आयुष्यातला पहिला गेम बनवला. मोबाइलवर पोरं खेळतात तसला. गेम जॅम नावाची स्पर्धा असते. शुक्रवारी विषय देतात आणि रविवारी संध्याकाळी अख्खा गेम तयार करून पाठवायचा. आईला मी एवढंच सांगितलं, की मी जॅममध्ये आहे, हाक मारू नकोस. तिने शेजारी सांगितलं, दिशा जॅममध्ये अडकलीय. माझं ऑफिस हिंजवडीला, त्यामुळे दोन दिवस कुणालाच नवल वाटलं नाही. उलट शेजारच्या काकूंनी डबा पाठवू का विचारलं. (मी आतल्या खोलीत होते.)

विषय आला ‘राखण’. बाकीच्यांनी किल्ले आणि राक्षस केले, मला आपलं खालचं खाचर आठवलं. एक बाई गोफण घेऊन भात राखते आणि रानडुकरं येतात, एवढाच खेळ. (बाई म्हणजे तूच. चेहरा जमला नाही, रागावू नकोस.) बांध काढताना गंमत झाली. कुठे वळतो, कुठे खचलाय, तू कुठे घसरून पडली होतीस, सगळं हाताला आपोआप आठवत गेलं, आणि मला उगाच रडू यायला लागलं. चित्रं किशोर काढणार होता, पण त्याला डुक्कर जमेना. पहिलं उशीसारखं झालं, दुसरं हसायला लागलं. शेवटी वैतागून त्याने पांढरी मोटार काढली, ती मात्र अशी की काचेत ढग दिसावेत! (तशी गाडी घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे.) मग डुकरांच्या जागी जमीन मागायला येणाऱ्या एजंटांच्या मोटारी आल्या. धोंडा लागला की मोटार पळायला हवी, तर माझ्या कसल्याशा चुकीने एकीच्या दोन व्हायच्या. ती चूक शोधताना मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की कोंबड्या अंगण सोडून गेल्या.

रविवारी दुपारी चूक सापडली आणि मी बाबांना खेळायला बसवलं. मोटार आली. बाबा नुसते बघत राहिले.

“दगड मारा ना, बाबा!”

“दारात आल्याल्या मान्साला दगुड? आदी बोलाया नको? ह्यात न्हाई म्हनायचं बटन कुटं हाय?”

आत्या, हे मला सुचलंच नव्हतं. लगेच बटण करायला घेतलं, आवाज बाबांचाच घ्यायचा ठरवला. फोन तोंडासमोर धरून म्हटलं, ठणकावून म्हणा, न्हाई इकायची. बाबा म्हणाले, “न्हाई इकायची… बगू, म्होरल्या म्हैन्यात या.” पुन्हा घेतलं. “न्हाई… चा तरी घिऊन जावा.” दर वेळी नकाराला शेपूट. शेवटी मी कॉम्प्युटरवर शेपूट कापून नुसतं ‘न्हाई’ ठेवलं.

तेवढ्यात खरीच मोटार दारात आली. बाबा बाहेर गेले, मी खिडकीशी. “न्हाई,” बाबा म्हणाले, अगदी स्वच्छ. माझ्या अंगावर काटा आला. मग आलंच शेपूट, “भनीची सही लागतीया. बसा तर खरं. आगं, चा टाक.”

मोटार गेल्यावर मी भांडायला गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “तू यिशील का लावनीला?” मी घाईत हो म्हणून बसले. (जळवांचं नाव काढलं तरी माझे पाय वर होतात, तुला ठाऊक आहे.) तशीच गच्चीच्या टाकीवर चढले, कारण तिथेच रेंज येते, आणि गेम पाठवून दिला.

काल निकाल लागला. शेवटून मोजलंस तर आपण लवकर सापडतो. परदेशातल्या कुणीतरी लिहिलंय, खाचर सुंदर आहे, पण नाही म्हटलं तरी मोटारी येतच राहतात, ही चूक आहे का? मी कळवलं, नाही, ते बरोबर आहे.

गुडघ्याला जप.

तुझी,
दिशा

ता. क. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे आणि तुझ्या सहीशिवाय खाचर हलत नाही. सही करू नकोस. बाबा रागावले तर माझं नाव सांग. लावणीसाठी मी रजा टाकली आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र किशोर आणतोय. एजंटाचे कागदही त्याच्याच पिशवीत आहेत. त्याला पोटभर जेवायला घाल, आणि पेन मागितलं तर घरात नाही म्हण.