बाबांचा नारळ

वॉलॉंगॉंग, रविवार संध्याकाळ

सातारा-कोल्हापूरच्या यादवीत आमचा पूर्वज कोल्हापूरकडून लढला आणि सुधीरच्या सातारकर घराण्याने त्याला दगा देऊन मारलं. बाबा लहानपणापासून हेच सांगत आले. म्हणून सुधीरशी माझं लग्न होऊ दिलं नाही. मीही गप्प बसले. इकडे परदेशात निघून आले.

आज लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी चुलतभाऊ विजूला त्या पूर्वजाची समाधी व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगितली. ती सुधीरच्याच शेतात निघाली. शेंदूर ताजा, पुढे एक नारळ. विजू म्हणाला, "ताई, हा या सातारकरांच्याच बाजूने लढताना पडला. इथे या गावात सगळ्यांना माहीत आहे. नारळ काकांचा, तुझ्या बाबांचा. दर दसऱ्याला येतात."

लगेच बाबांना फोन लावला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पण उघड सांगितलं असतं तर भावकीत तोंड दाखवता आलं नसतं."

आणि मला सुधीरला तोंड दाखवता येतं?

तो नारळ डोळ्यांसमोरून जात नाही. दर दसऱ्याला बाबा देवीला जातो म्हणून निघायचे. मी स्वतः पिशवीत ठेवून द्यायचे तो.

परत विजूला विचारलं, बाबा तिथे थांबतात कुठे?

म्हणाला, "सुधीरच्या घरी. त्याची आई जेवल्याशिवाय सोडत नाही."