टेसियरची सावली

केर्नवुड, सस्कॅचवन
१४ जानेवारी १९६१

ती. वेल्माताईस,
धाकट्या ऑरिनचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या बर्फावरच्या हॉकी संघाच्या मॅक्लिऑड प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. सरळच म्हणाले, माझे हात मंद आहेत, चकती माझ्या स्टिकवर ठरत नाही, आणि गोल करणारे त्यांच्याकडे भरपूर आहेत. आता नारळ मिळणार असं धरून मी स्केटच्या नाड्या सोडायला लागलो. तर त्यांनी विचारलं, दमेपर्यंत पळशील का? मी म्हटलं, दमल्यावरही पळेन. हसले, आणि महिनाभर बघू म्हणाले.

आता सगळे गेले की मी एकटाच बर्फावर धावतो, थांबतो, वळतो, पुन्हा धावतो. काल तिथेच ओकलो. बाबांना सांगू नकोस. पण मजा येतेय, ताई.

तुझा,
ऑरिन

घर, २३ जानेवारी

चि. ऑरिनला अनेक आशीर्वाद.

बाबांना सांगितलं नाही, तरी ते म्हणतातच, बर्फावर घाम गाळायचा तर इथे येऊन गुरांच्या हौदातला बर्फ फोड, निदान गुरं पाणी तरी पितील. लहानपणी तू गोठलेल्या तळ्यावर वासरासारखा चारी पाय पसरून पडायचास, ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मला काळजी तुझ्या हाडांची. पण तू किती चिवट आहेस ते मी जाणते. पळालेल्या कोंबडीमागे अख्खी सकाळ धावलास, शेवटी तीच दमून बसली. लोणी पाठवतेय, नीट जेव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
वेल्मा

केर्नवुड, १२ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

जिंकलो, ताई. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

हॉलब्रूकच्या रॉय टेसियरने या हिवाळ्यात गोल केला नाही असा एक सामना नव्हता. अंतिम सामन्याआधी प्रशिक्षक मला म्हणाले, गोलबिल विसर, टेसियर जाईल तिथे जा. मी गेलो. तो वळला की मी वळलो, तो पडला की मी त्याच्या अंगावर. त्याचे दोन फटके पायावर घेतले, घोट्याचा भोपळा झालाय. शेवटी वैतागून त्याने मला स्टिकने हाणलं, पंचांनी त्याला बाहेर बसवलं, आणि तेवढ्यात आमच्या पीटने गोल मारला. एक-शून्य.

हात मिळवताना टेसियर म्हणाला, "आता तरी घरी जा रे, नाहीतर बायको विचारेल, हा कुठला पाहुणा आणलास."

पुढच्या वर्षीही मी संघात आहे. पण रेडिओवर माझं नाव आलं नसेल. बाबा ऐकत होते का?

ऑरिन

घर, १६ मार्च

चि. ऑरिनला भरभरून आशीर्वाद.

तुझं नाव दोनदा आलं, त्यात एकदा चुकीचं. बाबा खुर्चीत पेंगत होते. मधेच ताठ बसले आणि म्हणाले, टेसियर आज आलाच नाही की काय? एरवी तो निवेदक त्याच्या नावाचा जप करतो. जरा वेळाने निवेदक म्हणाला, टेसियरला कुणीतरी गोचिडासारखं चिकटलंय. बाबा उठून उभे राहिले ते सामना संपेपर्यंत बसलेच नाहीत.

"आपला ऑरिन आहे तो. सोडत नाहीये त्याला," असं मला पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू मी घरात नव्हतेच.

तेव्हापासून बाबांच्या तावडीतून टपालवाला सुटलेला नाही, हॉकीतलं ओ की ठो न कळणारे पाद्रीही सुटलेले नाहीत. रविवारी बाबा तुला घ्यायला येतायत. आज गुरुवार आहे, आणि गाडी आत्ताच धुऊन दारात उभी आहे.

आहे तो लोभ असू दे, वाढला तर परत करू नकोस.
तुझी,
वेल्मा