लांबडीला द्यायची रॅकेट

मंगळवार, तारीख ११ मार्च २०२५. आज दुकान उघडले नाही. सकाळी वकीलबाई मृत्युपत्राचा मसुदा पाहून गेल्या. पाचव्या कलमाशेजारी त्यांनी पेन्सिलीने "काका, आवरा" असे लिहिले आहे. मी आवरलेले नाही. चारच्या सुमारास साक्षीदार येतील, तोवर हे स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवत आहे.

मी, शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. धंदा बॅडमिंटनच्या रॅकेटचे गटिंग, म्हणजे फ्रेममध्ये तार ओवून ताणून देणे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी कालच तपासून तसे लिहून दिले. मला कुणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. लावायला घरात कुणी उरलेलेही नाही. एकुलती एक मुलगी आणि तिच्यामागून पत्नी, दोघी माझ्याआधी गेल्या. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण जे होते ते मुलीचेच होते.

कलम एक. राहत्या खोल्या, खालचे दुकान आणि बँकेत जे असेल ते धाकट्या मेहुणीला. पत्नीच्या आजारपणात ती स्वतःचे घर सोडून इथे राहिली. तिने मला एकदाही "भावजी, रडा" म्हटले नाही आणि "रडू नका" असेही म्हटले नाही. बाहेरच्या खोलीतल्या पंख्याचे एक पाते वाकडे आहे. मुलीने लहानपणी रॅकेट उगारली ती त्याला लागली. तेव्हापासून पंखा खडखडतो. तो बदलला तरी माझी हरकत नाही.

कलम दोन. पुतण्याला स्कूटर. यापेक्षा जास्त नाही. मला न विचारता तो मुलीची रॅकेट द्यायचा शब्द बॅडमिंटन संघटनेला देऊन आला आणि त्या बदल्यात त्यांच्या व्यासपीठावर खुर्ची मिळवली. रॅकेट त्याची नाही. खुर्ची त्याने ठेवावी.

कलम तीन. ताण देण्याचे मशीन, पकडी, टोचे आणि तारेची उरलेली रिळे पलीकडच्या गल्लीतल्या गटिंगवाल्याला. आमचे बोलणे नाही. "तिथे टाकलीत तर फ्रेम केळ्यासारखी होऊन येईल," असे तो माझ्याबद्दल गिऱ्हाइकांना सांगत असे. मीही त्याच्याबद्दल काही बरे सांगत नव्हतो. पण मुलगी गेली त्या दिवशी त्याने स्वतःचे दुकान बंद ठेवले. शिवाय माझे काम त्याच्याइतके बारकाईने कुणी पाहिलेले नाही; दोष काढायचा म्हणजे पाहावेच लागते. मशीनचा डावा चिमटा निसटतो. त्याला ते लगेच कळेल, आणि तो नावे ठेवीलच.

कलम चार. कपाटातला थर्मामीटर राष्ट्रीय संघाच्या तेव्हाच्या व्यवस्थापकांना पोचवावा. कारण पुढे येते.

कलम पाच. मुलगी देशाकडून खेळायची. सगळे तिला भिंगरी म्हणत. शेजारच्या देशाशी आपले काय आहे ते इथे लिहायला नको. त्यांच्याशी सामना असला की ज्यांना शटल कशाशी खातात तेही ठाऊक नाही ते शिरा ताणून ओरडतात. त्यांच्याकडून एक उंच मुलगी खेळायची. तिला भिंगरीने लांबडी असे नाव ठेवले होते. शाळेच्या वयापासून या दोघी एकमेकींसमोर उभ्या राहत आल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. भिंगरी म्हणायची, "बाबा, लांबडी खांदा पाडते ना, तेव्हा ड्रॉप टाकणार म्हणून समजायचं. तिच्या आईला तरी माहीत असेल का हे?"

सहा वर्षांपूर्वी सांघिक स्पर्धेची अंतिम लढत याच शहरात झाली. समोर तोच देश. सकाळी मी रॅकेट घेऊन हॉलवर गेलो. भिंगरीने एक उचलली आणि अंगठ्याने तार दाबून पाहिली.

"बाबा, हिचा ताण दोन पौंडांनी कमी करून द्याल?"

मी तिचा ताण आजवर वाढवतच आलो होतो. दंडात जोर असलेला खेळाडू कमी मागत नाही.

"ताप आहे?"

"किंचित. आईला सांगू नका हं. चादर घेऊन कोर्टवर येईल ती."

खेळणाऱ्यांची यादी अजून दिलेली नव्हती. मी तडक व्यवस्थापकांकडे गेलो.

"काका, दुसरा कुठलाही देश असता तर आत्ता घरी पाठवली असती," ते म्हणाले. "पण समोर कोण आहे बघा की."

"तिला ताप आहे."

"आज कुणाला नाही? माझंही पोट बिघडलंय. ती बसली तर लोक म्हणतील, घाबरली. तुम्हाला याच गावात राहायचंय ना?"

मी परत येऊन भिंगरीला म्हटले, "तू नाही म्हण." ती म्हणाली, "खेळते हो. जिंकते आणि झोपते." ताण नुसता सैल करता येत नाही, तार कापून नव्याने ओवावी लागते. हॉलच्या मागच्या खोलीत बसून मी ती ओवून दिली.

सामने दोन-दोन असे बरोबरीत आले. शेवटचा या दोघींचा. भिंगरी जिंकली. जाळीवरून हात मिळवताना लांबडीने तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताची बोटे उलटी करून तिने भिंगरीच्या गळ्याला, जबड्याखाली, लावली. लेकराचा ताप बघतात तशी. मग पंचांकडे वळून ती ओरडू लागली. ती डॉक्टर मागत होती. लोकांना वाटले, भांडते आहे. सगळा हॉल तिची हुर्यो करू लागला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, वर मथळा: "हरली आणि गळ्याला भिडली".

भिंगरी त्याच आठवड्यात गेली. तापात खेळल्याने हृदयावर ताण आला, असे डॉक्टर म्हणाले. तो पेपर तिने दवाखान्यात पाहिला होता. "हे काय छापलंय? अहो बाबा, ताप बघत होती ती. सांगा ना त्यांना." मी म्हटले, सांगतो. तिने मला सांगितलेले हे शेवटचे काम.

मी सांगितले. संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "आता बोलून पोर परत येणार आहे का? उलट आपण तापात खेळवली असं होईल." एका वार्ताहराने सगळे शांतपणे लिहून घेतले आणि छापले की दुःखी बाप म्हणतो, त्या देशाला धडा शिकवा. आपल्या संघटनेच्या तक्रारीवरून लांबडीवर बंदी आली. आपल्याकडून हरली म्हणून तिच्या देशाने तिला संघातून काढले. ती पुन्हा खेळली नाही. एकदा तिचा फोन आला होता. ती "भिंगरी" एवढेच म्हणाली.

तो फोटो आता हॉलच्या दर्शनी भिंतीवर भिंतभर लावला आहे. खाली काचेची रिकामी पेटी आहे, ती भिंगरीच्या त्या दिवशीच्या रॅकेटसाठी.

म्हणून मी शपथेवर लिहून ठेवतो: त्या मुलीने गळा धरला नाही. ती ताप बघत होती. त्या दिवशी हॉलमध्ये एवढी माणसे होती, पण माझ्या मुलीला हात लावून पाहणारी ती एकटी.

ती रॅकेट लांबडीला द्यावी. मी एकदा तिच्या देशाच्या संघटनेच्या पत्त्यावर पाठवली होती. "अशी व्यक्ती येथे नाही" असा शिक्का घेऊन परत आली. वकीलबाई म्हणतात, वस्तू सरहद्दीवरच अडकेल. मलाही आशा नाही. तसे झाले तर तिची तार कापून ती माझ्याबरोबर जाळावी. काचेत ठेवू नये.

कलम सहा. माझ्या अंगावर संघटनेचा झेंडा घालू नये. भाषण करू नये.

ठिकाण: दुकानाच्या वरची खोली. तारीख वरीलप्रमाणे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: शेजारच्या जिन्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार: खालच्या घरातले निवृत्त मास्तर (सही). यांना मी काही ठेवलेले नाही, कारण ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई सांगतात. त्या विजयाच्या संध्याकाळी आमच्या दाराशी फटाके यांनीच लावले होते. तो रागही या सहीत मिटला.

सह्यांनंतर लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, हे मला माहीत आहे. मास्तरांनी सही करण्याआधी पाचवे कलम चष्मा लावून दोनदा वाचले. मग म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण फोटोत तर सरळ गळाच धरलेला दिसतोय." डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात पेन दिले. त्यांनी सही केली, चहा घेतला आणि दोघे गेले.

कपबश्या विसळून ठेवल्या. तार न खेळताही सैल पडते. खाली जाऊन दिवा लावला, भिंगरीची रॅकेट मशीनवर चढवली, जुनी तार मधून कडेकडे अशी कापत नेली आणि ती म्हणाली होती तेवढ्याच ताणाने नवी ओवायला घेतली.