सासऱ्यांचं नाव

प्रिय उल्कान एजे,

तुझा निरोप फोनवर मिळाला. सोबत ते लाल बदाम आणि जोडलेले हात. "शेवटी तुझे कान उघडले गं बुरुल! देवाचा आवाज ऐकलास आणि त्याचं नाव ओठावर आलं! तोकमोकच्या सगळ्या बहिणी तुझा व्हिडिओ बघून रडल्या." एजे, तू मला मोठ्या बहिणीच्या जागी, म्हणून शिव्या देत नाही. पण वाचून मला अक्षरशः शिसारी आली. फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि हात धुऊन आले. फोनवर बोलता आलं असतं, पण तू मधेच हालेलुया म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच लटकतं. म्हणून कागद घेतला. मधे न थांबता शेवटपर्यंत वाच.

बाबा आतल्या खोलीत पडून आहेत. तुझ्या त्या व्हिडिओतले, पाण्यात उभे असलेले, माझे सासरे. छातीत कफ धरलाय. मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून मी चोळते, नर्सबाई सुई देऊन जाते आणि दारात वळून मान हलवते. मरणाची त्यांना भीती नाही. माझा नवरा तालाय गेला, त्यांनी पोटचा मुलगा पुरला, तेव्हाच मरणाशी ओळख करून घेतली. त्यांना घोर एकच आहे. टेकडीवरच्या कबरस्तानात सासूबाईंच्या शेजारी त्यांनी आपली जागा कुंपण घालून राखून ठेवलीय, ती त्यांना मिळेल का? आणि ती मिळणं न मिळणं आता तुम्हा सगळ्यांना रडवणाऱ्या त्या व्हिडिओवर येऊन अडलंय.

आधी त्या नावाचं बोलते. या घरात सून होऊन आले त्या दिवसापासून सासऱ्यांचं नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आपल्यात कुठली सून घेते? त्या नावाशी जुळणारा शब्द आला तरी आपण वळसा घालून बोलतो. मग तू मला प्रभूकडे आणलंस आणि बघते तर काय, प्रभूचं नावही तेच! आपल्या लोकांत पैगंबराचं नाव म्हणून किती मुलांना ठेवतात, पण मला सासरा मिळायचा तो नेमका त्याच नावाचा. पहिल्या प्रार्थनेला मी ओठ गच्च मिटून बसले आणि तुला वाटलं, मला पापांची लाज वाटतेय. खरं कारण कळल्यावर तू चहा सांडेपर्यंत हसलीस. म्हणालीस, "अगं, नाव घेतलं नाही म्हणून कुठला सासरा रुसलाय? घेतलं तर रुसतो. तू आपली थोरले म्हण." तेव्हापासून ते माझे थोरले. गोठ्यात, चुलीपाशी, तालायच्या कबरीवर मी थोरल्यांशीच बोलत आले. हे तुझ्याशिवाय फक्त बाबांना ठाऊक होतं. कान शाबूत होते तेव्हा ते मला चिडवायचे, "तुझ्या देवाला दुसरं नाव मिळालं नाही का गं? माझ्यापायी बिचाऱ्याला या घरात कोणी हाक मारीना." आणि शेजारचे कोणी माझ्या धर्मावरून बोलायला लागले की म्हणायचे, "सुनेचा देव तिच्यापाशी. चहा ती चांगला करते."

ऐकायला मला तूच शिकवलंस. म्हणजे शिकवलं काहीच नाहीस, धार काढताना शेजारी येऊन बसायचीस आणि गप्प राहायचीस. मी एकदा विचारलं, एजे, देव बोलतो तो आवाज असतो कसा? तू म्हणालीस, "मला काय ठाऊक! पण मला हवं तेच तो बोलायला लागला की मला संशय येतो." हे तुझंच बोलणं आहे. तोकमोकला गेल्यावर विसरलीस का?

तू गेल्यावर शहरातून मायरामबेक आला आणि आमच्या मंडळीचा प्रमुख झाला. पंधरा माणसं बसतात त्या खोलीत त्याला लाउडस्पीकर लागतो. अत्तर इतकं लावतो की घरी गेल्यावर रुमालाला वास येत राहतो. प्रार्थना करताना च्युइंगम गालात सरकवून ठेवतो आणि डोक्यावर हात ठेवतो तो ओलसर, मऊ, सैल मळलेल्या कणकेसारखा. त्याने दर शनिवारी कान उघडण्याचा वर्ग काढला. डोळे मिटायचे, आणि मनात जो पहिला शब्द येईल तो देवाचा. बातमाच्या मनात आला कांदा. बिचारी कांदे चुलीवर ठेवून आली होती. मायरामबेक म्हणाला, "आहाहा! देव तुझे पापुद्रे सोलणार आहे, बहिणी!" बातमा हुंदके देऊन रडली आणि घरी कांदे करपले ते वेगळंच. त्याच्याशी मात्र देव उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतो. कोणाच्या मुलीची सोयरीक कुठे करायची, कोणाकडे जेवायला जायचं, तिथे कुठली मेंढी कापायची. देवाला दर वेळी कळपातली लठ्ठ मेंढीच कशी आवडते, हे विचारायची तिथे सोय नाही. आपण म्हणतो ना, पोरगं ऐकत नाही. तेव्हा कोणी पोराचे कान तपासायला नेत नाही. मायरामबेकला तसलं ऐकणं हवंय. कानांशी त्याला काडीचं देणंघेणं नाही.

माझ्या मनात काहीच यायचं नाही. गाय आज दूध का चोरतेय, एवढंच यायचं, ते मी सांगायचे. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ही बाई नाव घेत नाही. लाउडस्पीकर माझ्या तोंडापुढे धरला, म्हणाला, "घे नाव! सगळ्यांसमोर घे!" मी खाली बघत राहिले. कारण सांगितलं असतं तर बायका समजल्या असत्या, पण त्या ओल्या हाताखाली माझ्या घरातली गोष्ट काढायची मला किळस आली. तेव्हा त्याने जाहीर केलं की माझ्या जिभेला कुलूप आहे, कानात बहिरा आत्मा बसलाय, आणि तो घरातून आलाय, त्या बहिऱ्या म्हाताऱ्याकडून. "म्हाताऱ्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला की त्याचे कान उघडतील आणि हिची जीभ सुटेल. देवाने मला सांगितलंय." मी म्हणाले, "कान बाबांचे आहेत. देवाने आधी त्यांना नको का विचारायला?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी जेवणाच्या दस्तरखानावर थुंकले.

बर्फ वितळायच्या दिवसांत नदी कशी असते तुला सांगायला नको. मी सकाळी गोठ्यात होते. रोज धार काढताना भिंतीपलीकडून बाबांचा खोकला ऐकू येतो, माझं लक्ष नसतं तरी कान तिकडे असतात. त्या दिवशी तो आला नाही. कोणी काही बोललं नाही, एजे, कुठला शब्दही मनात आला नाही. नुसता खोकला ऐकू आला नाही आणि मी बादली तशीच टाकून उठले. घर रिकामं, खुंटीवर बाबांच्या डोक्यावरचा पांढरा कलपाक नाही. शेजारीण म्हणाली, मायरामबेकच्या गाडीतून गेले, मोठ्या खुशीत होते, कानाकडे बोट दाखवून म्हणाले गरम झऱ्यावर चाललोय. म्हाताऱ्या माणसाला गरम झऱ्याचं नाव सांगून नेलं! पाहुणा म्हणून आलेल्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला.

मी नदीपर्यंत धावले. बाबा कमरेएवढ्या पाण्यात, दोघांनी दोन्ही दंड धरलेले, ओठ निळे. मायरामबेक पाण्यात शिरलाच नव्हता. काठावर कोरड्या बुटांत उभा राहून लाउडस्पीकरमधून म्हाताऱ्या कानांवर ओरडत होता. एक पोरगी फोन धरून चित्रण करतेय. आणि बाबांचा कलपाक खाली चिखलात पडलेला. जो माणूस आपला कलपाक मुलालासुद्धा खाली ठेवू देत नसे, त्याचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, बाबा! बाबा! पण नदीचा आवाज, तो लाउडस्पीकर, त्यात बहिरे कान. शिवाय जगात कोणीही त्यांना बाबाच म्हणतं, ते कशाला वळतील? ते दोघे त्यांना मागे वाकवायला लागले. आणि मी नाव घेतलं. तोंडाने घेतलं तर आता लिहिताना हाताने कशाला लपवू? ईसा! म्हणून ओरडले. ईसा, बाहेर या! पोटातून, गुरं वळवताना ओरडतात तशी.

बाबांनी झटकन मान वळवली. बघितलं, मी आहे. दोघांचे हात झिडकारले आणि चालत काठाला आले. त्यांचं डोकं पाण्याखाली गेलंच नाही, हे नीट ध्यानात ठेव. पण कोणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं. माझी हाक ऐकली आणि सगळी मंडळी धपाधप गुडघ्यांवर आली. "जीभ सुटली! प्रभूला हाक मारली!" बातमा माझे पाय धरून रडतेय, मायरामबेक लाउडस्पीकरमध्ये किंचाळतोय, आणि माझा म्हातारा थरथरत चिखलात आपला कलपाक शोधतोय. मी तो पुसून त्यांच्या डोक्यावर ठेवला, माझा कोट त्यांना घातला. त्या कोरड्या बुटांकडे बघून मला जी ओकारी आली ती मी दाबली नाही. तेवढं व्हिडिओत नाही. व्हिडिओ माझ्या हाकेपाशी तुटतो. बाबा पाण्यात, मी ओरडतेय, लोक गुडघ्यांवर. ते चालत बाहेर आले ते कापून टाकलंय.

मग ते गावभर फिरलं. मुल्ला सागिनने मला बोलावलं. वाईट माणूस नाही तो, मान खाली घालून बोलत होता. म्हणाला, "पाण्यात उतरले, तुमच्या प्रभूच्या नावाचा पुकारा झाला, लोक आता ऐकत नाहीत. टेकडीवर जागा देता येणार नाही." मी म्हणाले, मी प्रभूला हाक मारली नाही, माझ्या सासऱ्यांना मारली, त्यांना बाहेर काढायला. सागिनने प्रथमच वर बघितलं. "बुरुल, सून सासऱ्याचं नाव घेऊन ओरडेल? खोटं बोलायचंच तर जरा पटेल असं तरी बोल." तिकडे मायरामबेकही लोकांना तेच सांगतोय, सून कधी सासऱ्याचं नाव घेते का, म्हणजे ती प्रभूचीच हाक. मुल्ला आणि मायरामबेक यांचं आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट धादांत खोटी आहे. वर मायरामबेकला देवाने सांगितलंय म्हणे, की टेकडीची काळजी करू नका, म्हाताऱ्याला आम्ही गाऊन-वाजवून आमच्या पद्धतीने पुरू. त्याचाही व्हिडिओ काढतील.

बाबांना यातलं बरंचसं कळलंय. सगळं ऐकू येत नाही, पण समाचाराला कोण येत नाही हे तर दिसतं. परवा मी छाती चोळत होते तेव्हा म्हणाले, "नदीवर तू मला हाक मारलीस." मी रुमाल पुढे ओढला, वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर म्हणाले, "ऐकू आली गं. माझ्या वयाचे सगळे टेकडीवर जाऊन पडले, नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. मला वाटलं तेच टेकडीवरून मला बोलावतायत." आणि डोळ्यांत तीच जुनी खोडी, "पुन्हा मार की. आता काय, गावाने ऐकलंच आहे."

तर एजे, हे पत्र एवढ्यासाठी. सागिन तुझ्या हाताखाली बाराखडी शिकला, अजून तुला बघून उठून उभा राहतो. तू ये आणि त्याच्यासमोर, गावच्या म्हाताऱ्यांसमोर, एवढंच सांग की बुरुल प्रभूला त्या नावाने हाक मारतच नाही, कधी मारलीच नाही, तिला तसं मीच शिकवलं. नदीवर ती प्रभूला हाक मारत असती तर "थोरले" म्हणून ओरडली असती. हे जगात दुसरं कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी तुला तुझ्या बहिणींना सांगावं लागेल की तुम्ही ज्याला बघून रडलात तो चमत्कार नव्हता. मायरामबेक तुलाही बहिरी म्हणेल. म्हणू दे. देव माझ्याशी त्या दिवशी बोलला की नाही ते मला सांगता येणार नाही; मला खोकला ऐकू आला नाही, एवढं मी ऐकलं. तुला हे पत्र वाचून नको वाटत असेल, तर तुझंच बोलणं आठव; तुला हवं तेच ऐकू येत नाहीये ना, मग संशय घेऊ नकोस. इथे मी रोज बाबांच्या कानाशी वाकून ईसा म्हणून हाक मारते, आणि ते डोळे न उघडता ओ देतात. कालची ओ फार बारीक होती. ती बंद व्हायच्या आत ये.

ईसाची सून,
तुझीच बुरुल